सरकारच्या मोटारीला गव्हाची कणीक

मालक गेले, त्यांचा सव्वा महिना उलटला, आणि मगच मी त्यांच्या लोखंडी पेटीला हात लावला. आयुष्यभर त्या पेटीची किल्ली त्यांच्या करदोड्याला असायची. वरच्या थराला पाने, पकडी, झिजलेल्या कानशी. त्याखाली एक जुनं धोतर, आणि धोतरात गुंडाळलेली तंबाखूची पत्र्याची डबी. डबीच्या झाकणाभोवती मेण फिरवून ती बंद केलेली होती.

मला लागलीच शक आला. तंबाखूच्या डबीला मेण कशाला? मी जन्माची संशयी बाई आहे. गवळ्याचं माप तिरपं होतं का सरळ, हे मी साठी ओलांडली तरी दारात उभी राहून बघते. सून म्हणते, आत्याबाई, तुम्हाला देवाचाही भरोसा नाही. नाहीच मुळी. मी विळीच्या टोकानं झाकण उचकटलं.

आत पिठाच्या दोन चकत्या होत्या. तेलात भिजून काळ्या झालेल्या, वाळून खडखडीत. दोन्ही मधोमध पात्यानं कापलेल्या. एक जाड, अखंड, दगडासारखी. दुसरी पातळ, तडकून तिचे तीन तुकडे झालेले. पीठ ओळखायला मला चष्मा लागला नाही. जाड होती ती गव्हाची, पातळ होती ती जोंधळ्याची.

 म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. चाळीसहून जास्त वर्षं जी गोष्ट मी ह्यांच्यापासून लपवली, तीच ह्यांनी माझ्यापासून लपवली होती. आणि आमच्या ह्या लपवालपवीत एका माणसाचं नाव बद्दू झालं, त्याची रोजी गेली, त्याचा हुन्नर मातीत गेला. त्याचं नाव बिरू. त्याच्यावर पहिलं बोट मी दाखवलं होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, मला सतरावं लागलं होतं. जुन्या जालन्यात आमचं इंजिन-दुरुस्तीचं दुकान. पुढं पत्र्याचं छप्पर, मागं दोन खोल्या, मध्ये एक दार. त्या दाराला उभी फट होती. नवीन सुनेनं दुकानात यायचं नाही असा दंडक होता, पण फटीतून बघू नये असं कुणी म्हणालं नव्हतं. मी भाकरी थापता थापता तिथूनच सगळं बघायची.

सकाळी नाकात आधी रॉकेलचा वास यायचा, मग सरकीचा. कापसाच्या हंगामात नदीपलीकडच्या जिनिंगचा भोंगा झाला की आमच्याकडं चुली पेटायच्या. हवेतून कापसाची पिसं तरंगत यायची आणि ओल्या लुगड्यांना चिकटायची. थंडीत शेताकडून हुरड्याचा धूर यायचा. दुकानातलं छोटं इंजिन टुकटुक सुरू झालं की खरादाचा, म्हणजे लेथचा, पट्टा फिरायला लागायचा. त्या पट्ट्याला एक सांधा होता, तो चाकावरून जाताना दर खेपेला फट् वाजायचा. फट्, फट्, फट्. दुपारी डोळा लागायचा तोही त्याच तालावर. आता त्या जागेवर कुणाचं तरी कपड्याचं दुकान आलंय. मी मागल्या साली तिथून गेले, तर काचेतल्या बाहुलीला साडी नेसवून ठेवलेली. थोडा वेळ उभी राहिले. काही ऐकू आलं नाही.

बिरू हा मालकांचा खरादी. बदनापूरकडच्या धनगराच्या घरचा. घरात सगळे मेंढरांमागं, हा एकटाच लोखंडाकडं वळलेला. वय मालकांएवढंच, पंचवीसच्या आतबाहेर. बोलणं असं नाहीच. मालक दहा शब्द बोलले की हा मान हलवायचा, ती पण एकदाच. झडपा घासायचं काम त्याचं. इंजिनाच्या हेडमध्ये ज्या झडपा असतात, मिस्तरी लोक व्हॉल म्हणतात, त्या आपल्या बैठकीवर चोख बसल्या पाहिजेत. त्यासाठी झडपेला घासायचा खरखरीत मसाला लावून, तिच्यावर लाकडी दांडी लावून, ती दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची. आधी खर्र खर्र आवाज येतो. मग जसजशी बैठक जमते, तसतसा आवाज मऊ होत जातो. बिरू डोळे मिटून घासायचा. आवाज सर्र असा एकसारखा झाला की हात थांबायचा. मालक म्हणायचे, ह्याला डोळे दिलेत कशाला कोण जाणे.

मला मात्र तो माणूस बिलकुल आवडायचा नाही. माझं सरळ गणित होतं: जो बोलत नाही तो काहीतरी दाबून ठेवतो. माझ्या माहेरी सगळे बोलघेवडे. त्यामुळं हा गप्प माणूस घरात आला की मी भांडी मोजायची. त्याची हत्यारांची थैली होती, तिला तो तीन गाठी मारायचा. तीन कशाला? एकीनं काम होत नाही? मी मालकांना म्हणायची, ते हसायचे. म्हणायचे, अगं, मेंढरं राखणाऱ्याच्या घरचा आहे, गाठ मारायची सवयच असते.

त्या साली एका जहागीरदाराच्या धाकट्या मुलाला मोटारींचं वेड लागलं. आम्ही त्याला सरकार म्हणायचो. वय बावीस-तेवीस, पण सरकार ते सरकार. अंबडकडच्या दुसऱ्या एका जहागीरदारापाशीही तशीच मोटार होती. दोघांची पैज लागली की जालन्याहून बदनापूरपर्यंतच्या सडकेवर कुणाची गाडी आधी पोचते. पैजेत दौलत नव्हती, नाक होतं. सरकारनं विलायतेहून मोटारीचा एक खास दांडा मागवला. कॅमशाफ्ट. मुंबईवरून रेल्वेनं लाकडी खोक्यात आला. आमच्या दुकानात ते खोकं उघडलं तेव्हा आत भुसा, भुशात तेलकट कागद, आणि कागदात तो दांडा; त्याच्यावर ओळीनं लोखंडी उंचवटे. मालकांनी तो दोन्ही हातांवर तोलून धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मालकांचा एक गुण होता. जेवताना ते मला कामातलं सगळं समजावून सांगायचे. बाईमाणसाला काय कळतंय, असं कधी म्हणाले नाहीत. म्हणाले, इंजिन श्वास घेतं. झडप खाली उघडते तेव्हा हवा आत जाते. ह्या नव्या दांड्याचे उंचवटे जुन्यापेक्षा उंच आहेत, ते झडपेला जास्त खाली ढकलतील. जास्त श्वास, जास्त पळ. पण त्यातच मरण आहे. एक तर स्प्रिंग इतकी दबेल की तिचे वेढे एकमेकांना चिकटतील, आणि वरची टोपी झडपेच्या नळीवर आदळेल. म्हणून नळी वरून कापायची, स्प्रिंगची बैठक खोल करायची. दुसरं म्हणजे, झडप एवढी खाली आली आणि पिस्टन वर आला, तर दोघांची टक्कर. म्हणून पिस्टनच्या माथ्यावर झडपेसाठी खळगा करायचा. चार पिस्टन, प्रत्येकी दोन झडपा, आठ खळगे. खळगा उथळ राहिला तर झडप वाकणार, खोल झाला तर पिस्टन फुटणार.

हे सगळं कापायचं काम बिरूकडं आलं. त्यानं त्यासाठी एक हत्यार केलं, ते मी विसरले नाही. एक जुनी झडप घेतली, तिच्या गोल कडेला कानशीनं दात पाडले, भट्टीत लाल करून पाणी दिलं. मग ती झडप तिच्याच नळीतून खाली सोडायची आणि हातानं फिरवत पिस्टनचा माथा कोरायचा. यंत्र नाही, काही नाही. झडप जिथं येणार तिथंच खळगा पडणार. जालन्यात असं कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. मालक कौतुकानं बघायचे आणि मला मात्र वाटायचं, हातानं कोरतोय, म्हणजे कमीजास्त करायला ह्याला मोकळं रान.

आता त्या गोळ्याचं सांगते. झडप आणि पिस्टन यांच्यात बंद इंजिनात किती जागा उरते, हे डोळ्यानं दिसत नाही. त्यासाठी मालक घरातून पिठाचा गोळा मागायचे. पिस्टनच्या माथ्यावर तेल लावून गोळा ठेवायचा, वर हेड बसवून नट आवळायचे, हँडलनं इंजिन हळूच दोन वेढे फिरवायचं आणि हेड पुन्हा उचलायचं. झडपेनं गोळ्यात खड्डा पाडलेला असतो. तिथं पात्यानं कापून जाडी बघायची. मालकांपाशी एक लोखंडी पट्टी होती. गोळ्याची जाडी पट्टीएवढी किंवा जास्त भरली तर ठीक. कमी भरली तर खळगा आणखी खोल. थंड इंजिनात जेवढी जागा दिसते तेवढी गरम इंजिनात, भरधाव वेगात उरत नाही, म्हणून ती पट्टी.

आमच्या घरात रोज जोंधळ्याचं पीठ. त्यामुळं गोळा नेहमी जोंधळ्याचाच जायचा. मालकांनी कधी पीठ कुठलं हे सांगितलं नव्हतं, कारण सांगायची वेळच आली नव्हती.

त्या दिवशी सरकारचा कारभारी आणि ड्रायव्हर आमच्याकडं जेवायला होते. मी पोळ्यांसाठी गव्हाची कणीक मळली होती, तेल लावून, चांगली मऊ. शेजारी काठवटीत भाकरीचं जोंधळ्याचं पीठ. दारातून मालकांनी हाक मारली, गोळा दे. मी हात पुढं केला तो जोंधळ्याकडं, आणि थांबले. बाहेर कारभारी उभा, डोक्याला रुमी टोपी, अंगात शेरवानी. विलायती दांडा, सरकारची मोटार, आणि तिच्या पोटात आपण जोंधळ्याचं पीठ घालायचं? तो गोळा कडेनं तडकलेला निघणार, कारभाऱ्यासमोर आमच्या घराची शोभा होणार. मी गव्हाच्या कणकेचा गोळा तोडला, तळहातावर गुळगुळीत केला आणि फटीतून दिला. मला वाटलं, मी मोठा शहाणपणा केला.

मालकांनी पहिल्या पिस्टनवर तो ठेवला. हेड बसलं, हँडल फिरलं, हेड उचललं. कारभारी वाकून बघत होता. पात्यानं काप घेतला, पट्टी लावली. जाडी पट्टीहून चांगलीच जास्त. मालकांच्या चेहऱ्यावर असं हसू मी लग्नातही बघितलं नव्हतं. बिरू तेव्हा खरादावर पाठमोरा होता, त्यानं गोळा बघितलाही नाही. मालकांनी त्याला एवढंच सांगितलं की पहिला बराबर आहे, बाकीचे तीन त्याच मापानं काप. त्यानं मान हलवली. ती चकती मालकांनी आठवण म्हणून तंबाखूच्या डबीत टाकली. आम्ही सगळे पोटभर पोळ्या जेवलो.

शर्यतीच्या आधी आठ दिवस मोटार सडकेवर फिरत होती. तिच्यात एरंडेल घालायचे. शर्यतीच्या इंजिनाला तेच तेल चालतं म्हणे. त्या तेलाचा जळका, गोडसर वास गल्लीभर पसरायचा आणि गल्लीतली पोरं नाकं दाबून पळायची. त्यांना एरंडेल म्हटलं की पोट धरून बसणंच आठवायचं. तो वास मला मात्र आवडायचा. त्यात आमच्या दुकानाचं नाव होतं. अजूनही कुठं एरंडीच्या बिया भाजल्याचा वास आला तर मी पावलं हळू टाकते.

त्याच आठवड्यात मी एक गोष्ट बघितली. पाणी भरून येताना, कोपऱ्यावरच्या हॉटेलात बिरू बसला होता आणि त्याच्यासमोर त्या दुसऱ्या जहागीरदाराचा ड्रायव्हर. दोघं एका बशीतून चहा पीत होते. बिरू बोलत होता. आमच्या दुकानात वर्षात जेवढा बोलला नव्हता तेवढा तिथं बोलत होता. माझ्या डोक्यावरची घागर हलली. घरी येऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, असेल कुणी नात्यातला. मी म्हणाले, असेल. पण मनात मी ती गोष्ट जपून ठेवली.

फाल्गुनातल्या सकाळी शर्यत झाली. मी गेले नाही, बायका जात नव्हत्या. मालक गेले, बिरू गेला. दुपारी रस्त्यावर गलका ऐकू आला म्हणून फटीशी गेले, तर मोटार परत येत होती. दोन बैल तिला ओढत होते. सरकार कुठंच दिसत नव्हता. मालक मोटारीमागून चालत येत होते, डोक्यावर टोपी नव्हती. बदनापूर दोन मैलांवर असताना, मोटार सगळ्यात जोरात असताना, आतून खाड् असा आवाज झाला आणि ती उभी राहिली ती राहिलीच. दुसऱ्याची मोटार धूळ उडवत निघून गेली होती. बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती, आणि तो आवाज मला त्या दिवशी फार लागला.

हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनची झडप वाकलेली. कारभारी आला. आरडाओरडा केला नाही, खाटेवर बसून थंडपणे विचारलं की हे कुणाच्या हातचं काम. त्याला एक नाव पाहिजे होतं. नाव मिळालं नसतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं, कदाचित मालकांना ठाण्यावर बसवलं असतं. मालक त्या वाकलेल्या झडपेकडं बघत होते. मी आतून पाण्याचा तांब्या देण्याच्या निमित्तानं त्यांना बोलावलं आणि दाराआड हळूच म्हणाले, "त्या ड्रायव्हरबरोबर चहा प्याला, ते सांगा की. पहिला पिस्टन तुम्ही तपासला, तो नीट हाय. तिसरा त्यानं एकट्यानं कापला."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग बाहेर जाऊन त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. खोटं त्यात काही नव्हतं, एकूण एक गोष्ट खरी होती.

बिरूला विचारलं. चहा प्यालास का? प्यालो. तिसरा तू कापलास? व्हय. तो ड्रायव्हर त्याचा साडू होता, बिरूच्या बायकोच्या बाळंतपणाचं बोलत होते, हे नंतर कळलं. पण तेव्हा ते कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तो आपल्या हातांकडं बघत उभा होता. कारभाऱ्यानं फर्मावलं की ह्या माणसानं जालन्यात पुन्हा हत्यार धरायचं नाही. बिरूनं थैली उचलली, तिला तीन गाठी मारल्या आणि गेला. मी फटीतून बघत होते. खोटं सांगणार नाही, मला बरं वाटलं. माझा शक खरा ठरला होता.

त्यानंतर दोन दिवस मालकांनी दुकानाची फळी उघडली नाही. आत एकटेच बसायचे. चारी पिस्टन बाहेर काढून त्यांनी स्वतःच्या हातानं रॉकेलनं धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. मला वाटलं, दुःखानं. एकदा स्वयंपाकघरात येऊन काठवटीतलं थोडं पीठ मुठीत घेऊन गेले. मला वाटलं, हाताचं तेल काढायला. सगळ्या गावावर शक घेणारी मी, माझ्याच घरात मला काही दिसलं नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरची माणसं आली म्हणून पुन्हा गहू निघाला. कणीक मळून झाली, मी सहज तिच्यात अंगठा दाबला. खड्डा पडला. मी पाण्याचा हात पुसला आणि परत बघते तर खड्डा अर्धा भरून आला होता. कणीक आपसूक फुगून वर येत होती.  मग जोंधळ्याचं पीठ भिजवलं, त्यात अंगठा दाबला. खड्डा होता तसा राहिला, कडेला भेग पडली, पण एक केसभर वर आला नाही.

 जोंधळ्याचं पीठ दाबलं तेवढं दबतं, ते खरं सांगतं. गव्हाची कणीक दाब निघाला की परत फुगते. हेड उचलेपर्यंत आणि कापेपर्यंत ती वर आली असणार. जागा होती त्याहून जास्त दिसली. पहिला पिस्टनही उथळच होता, आठही खळगे उथळ होते. तिसऱ्याची झडप आधी लागली, एवढंच.

मी कुणाला काही बोलले नाही. भ्याले. सरळ सांगते, भ्याले. नवी सून, नवऱ्याची गावात अब्रू गेलेली, आणि ती माझ्या हातानं गेलेली. माहेरी पाठवून दिलं तर? मी मनाला समजावलं की बिरू आता गेलाच आहे, कारभाऱ्याचा हुकूम काही माझ्या सांगण्यानं फिरणार नाही. मन ऐकून घेतं, त्याला काय. मी त्या दिवशी सगळ्यांना पोळ्या वाढल्या आणि स्वतः भाकरी खाल्ली.

पुढं गडबडीचे दिवस आले. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या. सरकारची ती मोटार गढीच्या मागं चिंचेखाली गंजत पडली होती, तिच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. कारभारी कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. त्याचा हुकूम चालवणारं राज्यच उरलं नाही, तरी आम्ही बिरूला बोलावणं धाडलं नाही. मालकांनी नवा खरादी ठेवला. झडपेची जागा मोजायला ते आता मेण वापरायचे. घरातून गोळा पुन्हा कधी मागितला नाही. मी म्हणायची, सुधारणा झाली दुकानात.

आता डबी मांडीवर घेऊन बसल्यावर सगळं उलगडलं. आठही खळग्यांत झडपांच्या खुणा उमटल्या असणार, आणि एकटा तिसराच चुकला नव्हता हे कुणाला दिसू नये म्हणून त्या त्यांनी धुऊन घासून काढल्या. मुठीतल्या जोंधळ्याच्या पिठानं पुन्हा मोजलं, पातळ चकती निघाली, ती जाड चकतीशेजारी ठेवली. त्यांनी माझं नाव बाहेर येऊ दिलं नाही, असं एक मन म्हणतं आणि मला रडू येतं. दुसरं मन म्हणतं, माझं नाव कशाला? मिस्तरी तेच होते, गोळा हातात घेऊन पीठ ओळखलं नाही ही चूक त्यांची होती. माझ्याआड त्यांनी स्वतःला झाकलं. कुठलं खरं? आता विचारायचं कुणाला? ज्या माणसाबरोबर चव्वेचाळीस वर्षं संसार केला, त्याच्यावर मी त्याच्या माघारी शक घ्यायला लागले. आणि डबी फेकून का नाही दिली? मेण लावून का ठेवली? मला सापडावी म्हणून?

चार दिवस हेच घोळवत बसले. पाचव्या दिवशी डबी पिशवीत घातली आणि एकटी बदनापूरच्या बसमध्ये बसले. सुनेला सांगितलं, दवाखान्यात जाते.

स्टेशनच्या पलीकडं विचारत विचारत गेले. बिरूचा मुलगा तिथल्या शेतीच्या सरकारी केंद्रावर कामाला जातो, त्यामुळं घर लगेच सापडलं. लिंबाच्या सावलीत एक म्हातारा लोकर कातत बसला होता. डोळ्यांनी अधू झालेला. दुकानातून निघाला तो मेंढरांमागं गेला, पुन्हा लोखंडाला शिवला नाही, हे मला वाटेत पत्ता सांगणाऱ्यानंच सांगितलं होतं. मी बोलले तसा त्यानं आवाज ओळखला. म्हणाला, "मिस्तरींच्या घरच्या वहिनी का? बसा."

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. कणीक माझी, चहाची चुगली माझी, धुतलेले पिस्टन ह्यांचे. काही गाळलं नाही. चकत्या काढून त्याच्या हातात दिल्या. त्यानं त्या बोटांनी चाचपल्या, जाड आधी, मग पातळ, मग पुन्हा जाड. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं आले होते. हाकलून दिलं असतं तर बरंच वाटलं असतं.

त्यानं चकत्या मांडीवर ठेवल्या. मग म्हणाला, "तिसरा खळगा कापताना जिनिंगचा भोंगा झाल्ता, वहिनी. मी जरासा दचकलो व्हतो. मला वाटलं, तितंच माझा हात हलला आन् माप गेलं. मिस्तरींचं नुकसान माझ्यापायी झालं. म्हणून पुन्हा हत्यार धरलं न्हाई. तवापासून रोज मनात तो खळगा कापून राह्यलो."

 मला वाटत होतं, हा माणूस आमच्यावर राग धरून जगला असेल. आमच्यावर त्यानं कधी शक घेतलाच नव्हता. त्यानं स्वतःवर घेतला होता.

"मंग माझं माप बराबर व्हतं?"

"दिल्या मापाला बराबर होतं, भाऊ. आठही."

त्यानं लोकर बाजूला ठेवली. घरात हाक मारून मुलाला बोलावलं. मुलगा हात पुसत बाहेर आला, चाळिशी उलटलेला, बापासारखाच गप्प. बिरू त्याला म्हणाला, इथं बस. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाला, "वहिनी, ह्याच्यासमोर एकदा सांगा."

मी सांगितलं.

"आनखी एकदा सांगा," तो म्हणाला.

मी खाली जमिनीवर बसले, आणि आणखी एकदा सांगितलं.